सड्यावरची मुक्कामी गाडी

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



माझा भाचा अमेरिकेत शिकायला गेला आहे. नॉर्थ डाकोटा नावाचं राज्य, फार्गो नावाचं गाव. एका रविवारी त्याचा फोन आला. म्हणाला, ‘मामा, आज दिवसभर मोटारीनं फिरलो. चहूकडे गवत, वर आभाळ आणि मध्ये वारा. तासभर गेलो तरी माणूस दिसला नाही. मला एकदम आपल्या सड्याची आठवण झाली.’

शाळेत भूगोलाच्या पुस्तकात आपण सगळ्यांनी ‘प्रेअरी’ हा शब्द पाठ केला होता. उत्तर अमेरिकेतला गवताळ प्रदेश, एवढंच उत्तर लिहायचं आणि एक गुण घ्यायचा. तो प्रदेश कसा असतो हे मला भाच्यानं सांगितलं. ते राज्य आपल्या महाराष्ट्राच्या निम्म्याहून मोठं, पण माणसं आठ लाखसुद्धा नाहीत. आपल्या एकट्या सातारा जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेत तीस लाख माणसं मोजली गेली. तेव्हा आकड्यांचा मेळ काही बसायचा नाही. पण भाचा म्हणत होता ते खोटं नव्हतं. पाटण तालुक्यातल्या सड्यावर संध्याकाळी एकट्यानं उभं राहिलेल्या माणसाला ते पटेल.

मी एस.टी.त वाहक होतो. १९८२ साली लागलो, २०१७ साली निवृत्त झालो. त्यातली बरीच वर्षं पाटण तालुक्याच्या वाड्यावस्त्यांवर जाणाऱ्या गाड्यांवर गेली. त्यामुळे मी जे सांगणार आहे ते पुस्तकातलं कमी आणि तिकिटाच्या पेटीतलं जास्त आहे.

आधी तालुका कसा आहे ते सांगतो. हाताचा पंजा पसरून ठेवावा तशी ही जमीन आहे. बोटं म्हणजे डोंगर आणि बोटांच्या मधल्या फटी म्हणजे खोरी. कोयना, मोरणा, केरा, तारळी, मांड, वांग या नद्यांची ही खोरी. त्यांत कोयना मोठी आणि स्वभावानं वेगळी. महाबळेश्वराला उगम पावणाऱ्या तिच्या काही बहिणी पूर्वेची वाट धरतात. ही मात्र सह्याद्रीच्या कण्याला चिकटून सरळ दक्षिणेला येते. हेळवाकला आल्यावर एकदम काटकोनात वळते, पाटणला केरेला बरोबर घेते आणि कराडला कृष्णेला समोरासमोर भिडते. कराडचा तो प्रीतिसंगम सगळ्यांना ठाऊक असतो. हेळवाकचं वळण मात्र कोणी थांबून पाहत नाही. मला विचाराल तर पाहण्यासारखं ते आहे.

माणसं राहतात ती खोऱ्यात. भात खोऱ्यात, ऊस खोऱ्यात, बाजार खोऱ्यात, शाळा-कॉलेज खोऱ्यात. खोऱ्यातून नागमोडी घाट चढून वर गेलं, की डोंगराचा माथा सुरीनं कापल्यासारखा सपाट लागतो. त्यालाच आम्ही सडा म्हणतो. काही ठिकाणी पठार म्हणतात. सडावाघापूर, वनकुसवडे, ढेबेवाडीच्या अंगाचं वाल्मीक पठार, ही सगळी त्याच जातीची. खाली जांभा दगड, वर वीतभर माती. तिथे झाडाला मूळ धरायला जागा नाही आणि वारा त्याला उभं राहू देत नाही. म्हणून गवत. घळीत, ओढ्याच्या कडेला आणि देवाच्या राईत काय ती झाडी. पावसाळ्यात हे गवत कमरेला लागतं. भाद्रपदात सोनकी फुलली की सबंध सडा पिवळा होतो, तेरड्यानं मध्येच गुलाबी होतो. दिवाळीनंतर गवत कापून गंज्या रचतात. माघ-फाल्गुनात उरल्यासुरल्याला वणवा लागतो आणि सडा काळा होतो. एका वर्षात चार रंग.

आणि पाऊस! कोयनानगर, नवजा या भागात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. त्याच तालुक्यात पूर्वेला मल्हारपेठेकडे उतरलं की त्याचा थोडकाच हिस्सा. गंमत अशी, की जिथे चार महिने छत्री उघडीच राहते त्या वाड्यांत एप्रिल-मेमध्ये बाया डोक्यावर हंडा घेऊन अर्धा डोंगर उतरतात. जांभा पाणी धरत नाही. आलेलं सगळं खाली सोडून देतो.

इतिहासाबद्दल थोडक्यात सांगतो, कारण तो सांगणारे जाणकार पुष्कळ आहेत. कोकणातल्या बंदरांवरून घाटमाथ्यावर यायची एक जुनी वाट कुंभार्ली घाटातून हेळवाक-पाटणवरून कराडला जाते. आज चिपळूणची गाडी त्याच वाटेनं जाते. त्या वाटेवर नजर ठेवायला भैरवगड, जंगली जयगड, मोरगिरीचा गुणवंतगड आणि पाटणच्या डोक्यावरचा दातेगड. दातेगडाला सुंदरगडही म्हणतात. एक दिवस हाताशी असेल तर तोच पाहा. दरवाजाशी कातळात कोरलेले गणपती आणि मारुती आहेत आणि वर तलवारीच्या आकाराची, अखंड कातळात खोल खोदलेली विहीर आहे. पायऱ्यांनी उतरत जावं तसा उन्हाळ्यातही अंगावर काटा येतो. समर्थांनी १६४८ साली राममंदिर उभं केलं ते चाफळही याच तालुक्यात.

आता कोयनेबद्दल. इथे मात्र मला थोडं थांबावं लागेल.

माझी आई कोयनेच्या वरच्या खोऱ्यातली. १९५६ साली लग्न होऊन ती पाटणच्या खालच्या अंगाला आली. देशमुखवाडीजवळ धरणाचं काम तेव्हा सुरू झालेलं होतं. पुढे पाणी अडलं आणि शिवसागर जलाशय वर तापोळ्यापर्यंत भरला. १०५ टीएमसी पाणी. माझं आजोळ त्या पाण्याखाली गेलं. आईचे दोन भाऊ सोलापूरकडे गेले. भातखाचरातली माणसं काळ्या रानात गेली. ज्वारीची भाकरी त्यांच्या गळ्याखाली उतरायला वर्ष लागलं, असं आई सांगायची. एक चुलतभाऊ ठाण्याकडे गेला. काहीजण कुठेच गेले नाहीत. पाणी चढेल तसे तेही डोंगर चढत राहिले आणि सड्याच्या पोटाशी झोपड्या बांधून राहिले. प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा महाराष्ट्रात झाला १९७६ साली, म्हणजे या माणसांची घरं बुडाल्यावर बऱ्याच वर्षांनी. जमिनीच्या कागदासाठी नातवंडं अजून मोर्चे काढतात.

या धरणानं महाराष्ट्राला काय दिलं, हे मला नाकारायचं नाही. १९६२ पासून कोयनेची वीज मिळू लागली. डोंगराच्या पोटातून बोगद्यानं पाणी पश्चिमेला कोकणात सोडायचं आणि त्या उताराच्या जोरावर पोफळीला जनित्रं फिरवायची, ही करामत आपल्याच लोकांनी केली. १९९९ साली आणि पुन्हा २०१२ साली जलाशयाच्या तळाला खालून भोक पाडून पाणी घेतलं, त्याला ‘लेक टॅपिंग’ म्हणतात. चारही टप्पे मिळून एकोणीसशे मेगावॉटच्या वर वीज होते. मुंबईचे दिवे त्यावर लागले, गिरण्या चालल्या. आईही म्हणायची, ‘आपल्या घरातला दिवा माझ्या माहेराचा आहे.’ पण ती कधी धरण बघायला गेली नाही. माझी ड्युटी कोयनानगरला असायची. मी म्हणायचो, ‘चल, बाग बघून ये, नेहरू उद्यान छान केलंय.’ ती म्हणायची, ‘बघू पुढच्या वर्षी.’

मग ११ डिसेंबर १९६७. मी आठ वर्षांचा होतो. पहाटे चार-सव्वाचारचा सुमार, कडाक्याची थंडी. आधी आवाज आला, मोठी मालगाडी जमिनीखालून जावी तसा. मग घर हललं. आमच्या घराची मागची भिंत गोठ्यावर पडली आणि एक बैल गेला. आम्ही वाचलो. कोयना भागात जवळजवळ १८० माणसं दगावली, दोन हजारांवर जखमी झाली. दगड-मातीची घरं झोपलेल्या माणसांवर बसली. जलाशयाच्या पाण्यामुळे भूकंप होऊ शकतो का, हे शिकताना जगभरचे शास्त्रज्ञ आज कोयनेचं उदाहरण घेतात. आमच्या तालुक्यात गोठण्याला तीन किलोमीटर खोल भोक पाडून जमिनीच्या पोटात काय चाललंय ते त्यांनी तपासलं. आमच्या लहानपणी मात्र एवढंच कळलं, की दगडी भिंतीशेजारी अंथरूण घालायचं नाही. कित्येक वर्षं लोक पत्र्याच्या आणि कुडाच्या घरांत राहिले.

एकदा फोनवर मी हे भाच्याला सांगत होतो. तो म्हणाला, ‘मामा, इथेही हेच झालंय.’ त्या नॉर्थ डाकोटात मिसुरी नदीवर गॅरिसन नावाचं धरण आहे, १९५३ साली पुरं झालेलं. त्याच्या पाण्याखाली मांडन, हिदात्सा आणि अरिकारा या मूळच्या तीन जमातींची नदीकाठची कसदार जमीन गेली. त्यांचं मुख्य गाव एल्बोवुड्स बुडालं. लोक वरच्या कोरड्या माळावर आले. तिथे जे नवं गाव वसवलं त्याचं नाव काय ठेवलं असेल? ‘न्यू टाऊन’. म्हणजे आपलं ‘नवीन गावठाण’! १९४८ साली वॉशिंग्टनला त्या जमीन देण्याच्या करारावर सही होत असताना काढलेला एक फोटो भाच्यानं पाठवला. मंत्रीमहाशय सही करताहेत आणि बाजूला जमातीचे अध्यक्ष जॉर्ज जिलेट हातानं तोंड झाकून रडताहेत. सुटाबुटातला मोठा माणूस. मी तो फोटो आईला दाखवला. ती तेव्हा ऐंशीच्या पुढे होती. तिनं विचारलं, ‘याचं गाव कुठलं?’ मी म्हटलं, ‘लांबचं आहे.’ ती म्हणाली, ‘लांबचं असू दे. पाण्यातलं आहे ना?’

त्या राज्यात १८६२ च्या कायद्यानं सरकारनं १६० एकर जमीन फुकट देऊन माणसं बोलावली होती. तरीही गावं ओस पडत गेली. आमच्या सड्यावर बोलावणं कोणी केलं नाही. उलट माणूस खाली उतरत राहिला आणि उतरला तो थेट मुंबईला गेला. मुंबईच्या दाणाबंदरात, मस्जिद बंदरला, नंतर वाशीच्या बाजारात पाठीवर गोणी घेणारा माथाडी पाहा. त्याला गाव विचारा. पाटण, जावळी, नाहीतर कुठलं तरी आमच्या शेजारचं ऐकायला मिळेल. या माथाड्यांची संघटना बांधणारे अण्णासाहेब पाटील आमच्याच तालुक्यातल्या मंद्रुळकोळ्याचे. १९६९ साली माथाडी कायदा झाला आणि पाठीवरच्या ओझ्याला हक्काचा पगार, फंड, दवाखाना मिळाला. त्या पगारानं खोऱ्यातल्या घरांवर स्लॅब पडले. पण घरात राहायला म्हातारी माणसं उरली. २००१ आणि २०११ च्या जनगणनेत आमच्या तालुक्याची लोकसंख्या तीन लाखांच्याच आसपास होती. राज्य वाढलं, आम्ही होतो तिथेच राहिलो.

हे मला जनगणनेच्या आधी तिकिटांवरून कळायचं. शिमग्याला, गणपतीला आणि चैत्रात बनपुरीच्या नाईकबाच्या यात्रेला गाडीच्या टपावरसुद्धा जागा नसायची. यात्रा झाली की तीच माणसं वळकट्या घेऊन खाली. पुढचे आठ महिने गाडीत दिसायचे ते म्हातारे, बाया आणि शाळेची पोरं.

आता मुक्कामी गाडी म्हणजे काय, हे शहरातल्या श्रोत्यांसाठी सांगतो. संध्याकाळी सहाच्या सुमाराला गाडी डेपोतून निघते, अंधार पडताना सड्यावर शेवटच्या वाडीला पोचते, तिथेच रात्रभर राहते आणि पहाटे खाली येते. चालक-वाहक देवळात नाहीतर गाडीतच झोपतात. त्या गाडीतून काय काय जायचं! कुणाची औषधं, पेरणीचं बियाणं, लग्नाच्या पत्रिका, मुंबईहून आलेलं पार्सल, मास्तरांचा पेपर. पहाटे खाली यायच्या त्या धनगरवाड्यावरच्या दुधाच्या किटल्या. पावसाळ्यात धुकं असं, की बॉनेटच्या पुढचं दिसत नाही. मग मी बॅटरी घेऊन गाडीच्या पुढे चालायचो आणि चालक माझ्या मागून. वळणावर एखादा गवळी धनगर घोंगडीची खोळ घेऊन, हातात कंदील धरून उभा असायचा. त्याला कुठे जायचं नसायचं. गाडी चुकू नये म्हणून तो उभा असायचा.

१९९० च्या दशकाच्या शेवटी पवनचक्क्या आल्या. वनकुसवड्याचं पठार बघता बघता पांढऱ्या खांबांनी भरून गेलं. वाऱ्याची वीज करणाऱ्या देशातल्या मोठ्या ठिकाणांत त्याचं नाव झालं. एकेक पातं एवढं लांब, की ते वाहून नेणारा ट्रेलर घाटाच्या वळणावर अडकला म्हणजे आमची गाडी दोन दोन तास उभी. तेव्हा उतारू खाली उतरून बघत बसायचे. चांगलं झालं ते हे, की पात्यांसाठी रस्ते रुंद झाले. कैक पिढ्या मागितलेला रस्ता माणसांसाठी झाला नाही, तो पात्यांसाठी झाला. झाला हे महत्त्वाचं. काही पोरांना राखणदारीची कामं लागली. ज्यांनी सुरुवातीला जमिनी विकल्या त्यांना मात्र वाऱ्यालाही भाव असतो हे ठाऊक नव्हतं. त्यांच्या लेखी ते गवताचं रान होतं.

आता पर्यटक येतात. यावंही. जुलै-ऑगस्टात सडावाघापूरला उलटा धबधबा बघायला गर्दी होते; खालून येणारा वारा पडणारं पाणी उचलून परत तुमच्या अंगावर फेकतो. नवज्याचा ओझर्डे धबधबा आहे. कोयना अभयारण्य १९८५ साली झालं, ते आणि चांदोली मिळून २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला आणि २०१२ साली पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात कोयनेचं नाव लागलं. २०२५ च्या नोव्हेंबरात ताडोबातून एक वाघीणही चांदोलीत आणली. सगळं बघा. फक्त एवढं लक्षात असू द्या, की हा डोंगर दिसतो तितका पक्का नाही. २०२१ च्या जुलैत एका रात्रीच्या पावसात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथे दरडी घरांवर आल्या. मिरगावचा रस्ता मला पाठ होता. तिथल्या किती घरांत मी पाणी प्यायलो असेन. आता सातारा, जावळी आणि पाटणच्या २३५ गावांत ‘नवीन महाबळेश्वर’ करायचा प्रारूप आराखडा २०२४ साली जाहीर झाला आणि पुढे आणखी गावं त्यात घ्यायचं ठरलं. हॉटेलं होतील, कामं मिळतील, असं काहींना वाटतं. काहींना आजोळाची आठवण येते. मी दोन्ही बाजूंचं ऐकतो. ज्याची पोरं वीस वर्षं मुंबईला आहेत त्याला ‘डोंगर राखा’ हे मी कुठल्या तोंडानं सांगू? आणि सगळं विकून टाक, हेही सांगवत नाही.

एक आठवण सांगतो आणि थांबतो. २०१४-१५ ची गोष्ट असेल. सड्यावरच्या एका वाडीच्या मुक्कामी गाडीचं भारमान फार खाली आलं होतं. भारमान म्हणजे गाडीच्या क्षमतेच्या मानानं मिळणारं उत्पन्न. ते असंच राहिलं तर फेरी बंद होणार, हे सगळ्यांना कळून चुकलं होतं. वडापच्या जीपगाड्या दिवसा होत्याच. अशात माझ्या ध्यानात आलं, की सकाळच्या गाडीला रोज चार म्हातारे चढतात, फाट्यावर उतरतात, चहा पितात आणि डोंगर चढून चालत परत जातात. रोज चौघेच, पण रोज वेगळे. काम काहीच नाही. आणि दुसरी गोष्ट, तेव्हा पासष्टीच्या पुढे अर्धं तिकीट असे, तरी ते कार्ड दाखवत नसत. ‘पूर्ण फाड’ म्हणायचे.

शेवटी एकाला मी विचारलंच, ‘बाबा, रोज कुठं जाताय?’

तो म्हणाला, ‘कुठं नाय. आमी पाळी लावलीय. आठवड्यातनं एक दिस एकेकाचा. गाडी हाय तवर वाडी हाय म्हनायचं.’

मी निवृत्त झालो तोवर ती फेरी चालू होती आणि अजूनही आहे. त्या चौघांपैकी कोण आहेत, कोण नाहीत, याचा हिशेब मी ठेवलेला नाही. भाचा येत्या गणपतीला घरी येणार आहे. त्याला सड्यावर जायचं आहे. मोटार भाड्यानं घेऊ म्हणत होता. मी म्हटलं, नको, मुक्कामी गाडीनं जाऊ, देवळात झोपू, सकाळी गवतातून फिरून खाली येऊ. आता मलाही अर्धं तिकीट लागतं. पण त्या गाडीत मी पूर्ण तिकीट मागतो. वाहक नवा असला तर माझ्याकडे बघत राहतो.